नव्या पत्राची पूर्वतयारी

मागील महिन्यांत आमचा एक जुना विद्यार्थी वसमतच्या आमच्या घरीं आला. काखेंत एका सुप्रतिष्ठित दैनिकाच्या सहा महिन्यांच्या अंकांचा गठ्ठा होता. “सर, तालुक्यापुरतें स्वतःचें साप्ताहिक काढावें म्हणतों. त्यापूर्वीं ह्या पत्राचा अभ्यास चालविला आहे,” असें तो म्हणाला. मथळे किती शब्दांचे, जाहिरातींस किती रकाने, अग्रलेख कोणत्या पानावर, असें सारें त्यानें वहींत टिपलें होतें. टिपण मेहनतीचें होतें ह्यांत शंका नाहीं. परंतु तें पाहून आमचें समाधान झालें नाहीं. मराठींत ज्यांनीं नांव घेण्याजोगीं नवीं पत्रें काढलीं, त्यांनीं जुन्या पत्रांत पाहिलें तें निराळेंच होतें.

आरंभीं अनुकरण होतें, व तें अपरिहार्यच होतें. ६ जानेवारी १८३२ रोजीं बाळशास्त्री जांभेकरांनीं मुंबईंत ‘दर्पण’ काढलें, तेव्हां त्यांच्यापुढें मराठींत घडीव असा नमुना नव्हता. बंगालकडे १८१८ पासून ‘समाचारदर्पण’ निघत होतें, खुद्द मुंबईंत १८२२ पासून गुजराती ‘मुंबईना समाचार’ चालू होता, आणि इंग्रजांचीं पत्रें तर होतींच. एका रकान्यांत इंग्रजी व शेजारीं मराठी ही ‘दर्पणा’ची मांडणी आज विचित्र वाटेल; पण राज्यकर्ता व रयत ह्यांस एकाच पानावर आणावयाचें तर दुसरा मार्ग कोणता होता ?

आगरकरांनीं जुन्या पत्राचा अभ्यास बाहेरून केला नाहीं. १८८१ पासून १८८७ पर्यंत ते ‘केसरी’चे संपादकच होते, कोल्हापूर प्रकरणीं टिळकांसह डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढून आले. पुढें सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर सहकाऱ्यांशीं पटेना, तेव्हां १८८८ मध्यें त्यांनीं ‘सुधारक’ काढला. ज्या घराच्या भिंती आपण बांधल्या त्यांत खिडकी कोठें ठेवलेली नाहीं, हें त्यांच्याइतकें कोणास ठाऊक असणार ? (गंमत अशी कीं, इंग्रजी बाजू गोखल्यांकडे सोंपवून ‘सुधारक’हि ‘दर्पणा’सारखा दुभाषीच निघाला.)

परंतु विद्यार्थ्यास आम्हीं मुद्दाम वाचावयास दिला तो ‘मूकनायका’चा पहिला अंक, ३१ जानेवारी १९२०, शनिवारचा. आंबेडकर त्या वेळीं सिडनहॅम कॉलेजांत प्राध्यापक होते. संपादक म्हणून नांव पांडुरंग नंदराम भटकरांचें; पत्र काढण्यास शाहू महाराजांनीं २५०० रुपये दिलेले. आरंभींचा लेख मात्र आंबेडकरांचा, आणि त्यांत मुंबई इलाख्यांतील पत्रांची तपासणीच आहे. बहुतेक पत्रें एखाद्या विशिष्ट जातीचें हित पाहणारीं आहेत, असें त्यांनीं म्हटलें. एका जातीचें नुकसान करूं जाणारा अखेर स्वतःचेंहि कसें करून घेतो, तें आगबोटींतल्या उतारूंच्या दृष्टांतानें दाखविलें. मग ‘दीनमित्र’, ‘जागरूक’, ‘डेक्कन रयत’, ‘विजयी मराठा’, ‘ज्ञानप्रकाश’, ‘सुबोधपत्रिका’ हीं बहिष्कृतांच्या प्रश्नांची चर्चा करतात, हें नांवें घेऊन मान्य केलें. आणि तरीहि इतरांच्या गर्दींत त्या प्रश्नांस तेथें पुरेशी जागा मिळणें शक्य नाहीं, असा निष्कर्ष काढला. बहिष्कृतांचीं म्हणून पूर्वीं निघालेलीं ‘सोमवंशीय मित्रा’सारखीं पत्रें बंद पडलीं, हेंहि लपविलें नाहीं. येथें द्वेष नाहीं, हिशेब आहे. वाईट पत्रास नांवें ठेवणें कोणासहि जमतें. चांगल्याचें चांगलेपण मान्य करून त्याची मर्यादा नेमकी सांगणें फार अवघड. ह्याच पत्राची जाहिरात पैसे देऊं केले असतांहि ‘केसरी’नें घेतली नाहीं, तेव्हां ती तपासणी किती अचूक होती हें निराळें सांगावयास नको.

तरीहि पत्र टिकलें नाहीं. त्याच वर्षीं आंबेडकर लंडनला गेले आणि १९२३ मध्यें ‘मूकनायक’ बंद पडला. १९२७ च्या एप्रिलांत ‘बहिष्कृत भारत’ निघालें, तेव्हां संपादकत्व त्यांनीं स्वतःकडेच घेतलें व रकानेच्या रकाने एकट्यानें लिहिले. हा अभ्यास दुसऱ्याच्या पत्राचा नव्हता, स्वतःच्या बुडालेल्या पत्राचा होता.

आमच्या ह्या भागांत अडचण आणखी वेगळी. वसमत तेव्हां निजामाच्या राज्यांत, परभणी जिल्ह्यांत; हिंगोली जिल्हा झाला तो १९९९ मध्यें. आ. कृ. वाघमाऱ्यांच्या ‘मराठवाडा’ साप्ताहिकास निजाम सरकारनें राज्यांत बंदी केली, तेव्हां तें बाहेरून, नांवें बदलून निघत राहिलें. वाचक पत्रास नांवावरून ओळखीत नव्हते हें उघड आहे.

आठ दिवसांनीं विद्यार्थी पुन्हां आला. वहींत एक नवा रकाना होता. सहा महिन्यांत त्या दैनिकांत वसमतचें नांव आलें तें हळदीच्या भावासाठीं, पुढाऱ्यांच्या दौऱ्यासाठीं, नाहीं तर अपघातासाठीं. कालव्याचें पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोंचलें कीं नाहीं, ऊसतोडीस गेलेल्या बिऱ्हाडांचीं मुलें शाळेंत परतलीं कीं नाहीं, ह्यांविषयीं एक ओळहि त्यास सांपडली नव्हती.

“पण सर, असल्या बातम्यांच्या शेजारीं जाहिरात कोण देणार ?” त्यानें विचारलें.

ह्यास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. एका वर्षाची वर्गणी आगाऊ दिली व पावती मागितली. पावतीपुस्तक अजून छापावयाचें आहे, असें तो म्हणाला.