मोरबाथच्या जमाखर्चाची साक्ष

सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये झालेली धर्मसुधारणा जनतेलाच हवी होती, हे मत आपल्याकडे जवळजवळ गृहीत धरले जाते. जुने चर्च निष्प्राण झाले होते, लोक पुरोहितशाहीला विटले होते आणि राजाने रोमशी नाते तोडले तेव्हा त्यांनी सुटकेचा श्वास घेतला, असा या मताचा आशय आहे. ए. जी. डिकन्स यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात लोलार्ड या आधीच्या सुधारणावादी पंथाची परंपरा आणि पुरोहितांविषयीची नाराजी यांचे पुरावे देऊन त्याला विद्वत्तेचे बळ दिले. न्यायमूर्ती रानडे यांनी मराठी संतांच्या कार्याची तुलना युरोपातल्या धर्मसुधारणेशी केलेली असल्याने आपल्याला ते अधिकच पटते. पण डेव्हन परगण्यातल्या मोरबाथ या गावचे सेंट जॉर्जचे चर्च वेगळी साक्ष देते.

एक्समूरच्या कडेला वसलेले, जेमतेम तेहेतीस कुटुंबांचे हे गाव. सर ख्रिस्तोफर ट्रायके १५२० ते १५७४ अशी चोपन्न वर्षे तिथे पुरोहित होते. या काळात चार राजवटी आणि तितकीच धर्मधोरणे आली-गेली. चर्चचा जमाखर्च ते स्वतः लिहीत आणि दरवर्षी गावासमोर वाचून दाखवीत. एमन डफी यांनी २००१ साली याच वह्यांवर ‘द व्हॉइसेस ऑफ मोरबाथ’ हा ग्रंथ लिहिला.

या वह्यांत निष्प्राण चर्च कुठे दिसत नाही. संतांच्या नावाने वेगवेगळे निधी होते. तरुणांचा वेगळा, अविवाहित मुलींचा वेगळा. संतांच्या मालकीच्या मेंढ्या गावकरी आपापल्या कळपात सांभाळत आणि त्यांची लोकर विकून देवळातल्या मेणबत्त्यांचा खर्च भागे. कारभारीपण घरोघर फिरे, त्यात स्त्रियांचीही पाळी येई. मृतांसाठीच्या मिस्सेला लागणारी काळी वस्त्रे घ्यायची म्हणून ट्रायके यांनी सुमारे वीस वर्षे पै-पै साठवली. ती वस्त्रे आली १५४७ मध्ये. त्याच वर्षी सहावा एडवर्ड गादीवर बसला आणि थोड्याच काळात अशा मिस्साच रद्द झाल्या. मूर्ती काढाव्या लागल्या, निधी मोडले, मेंढ्या विकाव्या लागल्या. ज्या व्यवस्थेत गावातले प्रत्येक घर गुंतले होते, ती वरून आलेल्या हुकमाने संपली.

यावर पहिला आक्षेप असा की, गावाने हे हुकूम पाळले, म्हणजे त्याला ते मान्यच होते. हा आक्षेप १५४९ च्या नोंदीपुढे टिकत नाही. त्या वर्षी इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीचे झाले आणि डेव्हन व कॉर्नवॉल पेटून उठले. मोरबाथने आपले पाच तरुण एक्सेटरजवळच्या सेंट डेव्हिड्स डाउन येथील बंडखोरांच्या छावणीत पाठवले, आणि त्यांचा खर्च पॅरिशच्या पैशातून केला. बंड चिरडले गेले. पुढे १५५३ मध्ये कॅथलिक मेरी राणी झाल्यावर गावकऱ्यांनी घराघरांत लपवून ठेवलेल्या मूर्ती, ग्रंथ आणि वस्त्रे आणून दिली, तेही वह्यांत लिहिलेले आहे. मनापासून टाकलेल्या वस्तू कोणी धोका पत्करून सांभाळत नाही.

दुसरा आक्षेप असा की, वही पुरोहिताच्या हातची, म्हणून ती त्याचेच मत सांगते. शब्द त्यांचे आहेत, हे खरे. पण रकमा गावाच्या आहेत, आणि त्या देणाऱ्यांसमोरच वाचल्या जात. खोटा खर्च दाखवून तिथे निभावले नसते.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. एका डोंगराळ गावावरून साऱ्या देशाबद्दल बोलता येईल का? येणार नाही. लंडनमध्ये, केंटमध्ये, एसेक्समध्ये नव्या मताचे खरे अनुयायी होते आणि मेरीच्या काळात त्यांतले कित्येक त्यासाठी जिवंत जाळले गेले. त्यांची श्रद्धा नाकारण्याचा प्रश्नच नाही. पण हाच न्याय उलटही लावला पाहिजे. लंडनवरून मोरबाथचे मन ठरवता येत नाही.

एलिझाबेथच्या राजवटीत मोरबाथनेही नवी उपासना स्वीकारली. ट्रायकेही पदावर राहिले आणि त्याच गावात वारले. हा बदल खरा होता, पण तो एका पिढीच्या सक्तीनंतर, सवयीने आणि जुन्या माणसांच्या मृत्यूने रुजला. रानड्यांची तुलना इथे लागू पडत नाही ती यामुळेच. आपल्या संतांच्या मागे राजाज्ञा नव्हती. मोरबाथमध्ये आधी राजाज्ञा आली आणि श्रद्धा तिच्यामागून बदलली. आज्ञापालन म्हणजे संमती नव्हे, एवढे भान ठेवूनच इंग्लंडच्या धर्मसुधारणेचा इतिहास वाचला पाहिजे, आणि संसदेच्या कायद्यांइतकेच वजन खेड्यांतल्या जमाखर्चालाही दिले पाहिजे.