मत्स्यविनोद

गळ, काठी व दोर यांच्या साहाय्याने, मुख्यतः करमणुकीसाठी, मासे धरण्याची क्रीडा. उपजीविकेच्या मासेमारीहून ती भिन्न आहे. मासेमाराचे लक्ष पकड किती झाली यावर असते. या क्रीडेत एकेका माशाची निवड, त्याला आमिषाकडे आणण्यातील कौशल्य आणि गळाला लागल्यानंतरची झुंज यांना महत्त्व असते. मराठीत तिला सर्वमान्य असे एकच नाव नाही. देशावर ‘गळ टाकणे’ म्हणतात, तर कोकणात गळाला ‘गरी’ हा शब्द रूढ आहे. ‘मत्स्यविनोद’ ही संज्ञा कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कार. सु. ११२७–३८) याच्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथातील एका अध्यायाच्या नावावरून येथे घेतली आहे. या क्रीडेविषयी भारतात लिहिले गेलेले सर्वांत जुने सविस्तर विवेचन याच अध्यायात आढळते. कल्याणी म्हणजे कर्नाटकाच्या बीदर जिल्ह्यातील सध्याचे बसवकल्याण. लातूर जिल्ह्याच्या सीमेपासून ते जवळच आहे, तर नांदेड जिल्ह्यातील मुदखेडपासून त्याचे सरळ रेषेतील अंतर सु. १५० किमी. भरते. म्हणजे ज्या विषयाला आज बहुधा परदेशी छंद समजण्यात येते, त्याचे शास्त्र मराठवाड्याच्या उंबरठ्यावर आठ शतकांपूर्वीच लिहिले गेले होते.

परदेशी छंद हा समज का पक्का झाला, हे समजणे कठीण नाही. या क्रीडेचे आधुनिक रूप व साहित्य इंग्लंड-अमेरिकेतून आले. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर उन्हाळ्यात सॅमन व हॅलिबट या माशांच्या शिकारीसाठी हौशी लोक जमतात. तेथे परवाना घ्यावा लागतो व एका दिवसात किती मासे धरावेत याचे बंधन असते. यूरोपात इ. स. २०० च्या सुमारास ईलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातील लोक पिसे व लोकर यांचे कृत्रिम कीटक गळाला बांधून मासे धरत असल्याचे नमूद केले. इंग्रजीत या विषयावरील पहिले मुद्रित प्रकरण १४९६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि आयझाक वॉल्टनचा द कंप्लीट अँग्लर हा ग्रंथ १६५३ मध्ये. मानसोल्लासाची रचना सु. ११३० मधील आहे. वरील इंग्रजी प्रकरणाहून ती सु. साडेतीन शतकांनी जुनी ठरते.

मानसोल्लास किंवा अभिलषितार्थचिंतामणी हा पाच ‘विंशतीं’चा, म्हणजे प्रत्येकी वीस अध्यायांच्या पाच भागांचा ग्रंथ आहे. राज्यप्राप्ती, राज्याचे स्थैर्य, राजाचे उपभोग, विनोद व क्रीडा असे त्याचे विषय आहेत. विनोदांच्या विंशतीत मल्लांच्या कुस्त्या, कोंबडे व मेंढे यांच्या झुंजी, ससाण्याची शिकार, मृगया, गीत, वाद्य, नृत्य यांच्याच मालिकेत मत्स्यविनोदाचा अध्याय येतो. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत जी. के. श्रीगोंदेकर यांनी हा ग्रंथ १९२५ ते १९६१ या काळात तीन खंडांत संपादित केला. मराठी अभ्यासकांना तो मुख्यतः एका उल्लेखासाठी परिचित आहे : महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात, असे त्यातील संगीतविषयक भागात म्हटले आहे. ओवीच्या प्राचीनतेची चर्चा निघाली, की हा आधार दिला जातोच. त्याच विंशतीतील माशांच्या अध्यायाकडे मात्र मराठीत फारसे कोणी वळले नाही.

त्याकडे लक्ष वेधले ते एका प्राणिशास्त्रज्ञाने. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक सुंदरलाल होरा (१८९६–१९५५) यांनी प्राचीन भारतीयांच्या मत्स्यज्ञानावर एक लेखमाला लिहिली व तीत या अध्यायाचा सविस्तर परामर्श घेतला (१९५१). सोमेश्वराने सु. ३५ प्रकारचे मासे सांगितले आहेत. त्यांची विभागणी समुद्रातील व गोड्या पाण्यातील, खवले असलेले व नसलेले, तसेच आकाराने मोठे, मध्यम व लहान अशी केलेली आहे. रोहित, पाठीन यांसारखी संस्कृत वाङ्‌मयात अन्यत्रही येणारी नावे त्यात आहेत. पण बरीच नावे संस्कृत कोशांच्या परंपरेतील नसून लोकांच्या बोलीतून उचललेली दिसतात. राजाच्या आश्रयाला असलेल्या मासेमारांकडून ही माहिती आली असली पाहिजे, असा तर्क यावरून करता येतो. समुद्रापासून एवढ्या दूर असलेल्या राजधानीत सागरी मासे कसे माहीत झाले, हाही प्रश्न राहत नाही : गोव्याचे कदंब हे चालुक्यांचे मांडलिक होते आणि सोमेश्वराची बहीण मैललदेवी ही कदंब राजा दुसरा जयकेशी याला दिलेली होती.

या अध्यायाचा सर्वांत मोलाचा भाग गळाविषयीचा नसून माशांना चारण्याविषयीचा आहे. कोणत्या माशाला काय आवडते हे त्यात प्रकारवार दिले आहे. कोणाला तिळाची पेंड, कोणाला भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ व शिजलेला भात यांचे गोळे, तर कोणाला मांस. ठरावीक जागी असे खाद्य टाकून मासे तेथे येण्यास सरावले, की मग राजाने काठावर बसून गळ टाकावयाचा. गळ, दोर व काठी यांचे वर्णन त्यानंतर येते. पवई तलावावर आज गळ टाकणारा हौशी मनुष्यही प्रथम चारा टाकून जागा तयार करतो आणि पेंडीचे गोळे वापरतो. साधने बदलली, रीळ व नायलॉनचा दोर आला. पण पद्धतीचा गाभा तोच राहिला आहे. आपले पाणी कोणते व त्यात कोणता मासा काय खातो, हे दीर्घकाळ पाहिल्यावाचून असे प्रकरण लिहिता येत नाही. निरीक्षणाच्या या बाजूमुळे हा अध्याय केवळ राजविलासाचे वर्णन राहत नाही. उपभोगांच्या विंशतीत माशांच्या पाककृतीही आहेत. त्यामुळे धरलेल्या माशाचे पुढे काय होई, याबद्दल संदेह नसावा.

मासे एका जागी चारून जमविण्याची रीत दख्खनमध्ये आणखी एका कारणाने टिकून राहिली, आणि ते कारण या क्रीडेच्या अगदी उलट आहे. अनेक नद्यांच्या डोहांतील मासे देवाचे मानून त्यांना खाऊ घालतात व त्यांच्यावर गळ किंवा जाळे टाकीत नाहीत. रायगड जिल्ह्यातील महाडजवळचा वाळणकोंड आणि पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात वैतरणेवर असलेले तिळसे ही यांची प्रसिद्ध उदाहरणे होत. या डोहांतील मासे मुख्यतः महसीर जातीचे आहेत. राजाश्रयाने न टिकलेला मासा श्रद्धेने टिकवला, असे येथे म्हणता येते. राजाज्ञेने मासे रक्षिल्याचे जुने उदाहरण अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात आहे. काही जातींचे मासे मारू नयेत व विशिष्ट तिथींना मासे मारू अगर विकू नयेत, असे त्यात फर्माविले आहे.

चालुक्यांनंतर या विषयाचे लेखन दख्खनमध्ये खंडित झाले. नांदेड-लातूरचा प्रदेश पुढे बहमनी, मोगल व निजाम यांच्या अमलाखाली राहिला. कंधार येथे राष्ट्रकूटांनी बांधलेला जगत्तुंगसमुद्र तलाव आणि देगलूर तालुक्यातील होट्टल येथील चालुक्यकालीन मंदिरे त्या आधीच्या वैभवाची साक्ष देतात. गोदावरीवरील मासेमारी भोई समाजाच्या हाती राहिली. तिचे ज्ञान तोंडी होते. ते कोणी लिहून ठेवले नाही.

एकोणिसाव्या शतकात सूत्र पुन्हा हाती घेतले गेले, पण ते इंग्रजीतून. मुंबई सरकारच्या सेवेतील विल्यम हेन्री साइक्स याने दख्खनच्या माशांचा अभ्यास केला व पुण्याच्या मुळा-मुठेतील महसीराचे १८३९ मध्ये वर्णन केले. त्याने दिलेले ‘खुद्री’ हे जातिनाम स्थानिक मराठी नावावरून घेतलेले आहे. आज या माशाचे शास्त्रीय नाव टॉर खुद्री असे आहे. दक्षिण कानडा जिल्ह्यातील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस याचा द रॉड इन इंडिया हा ग्रंथ १८७३ मध्ये मंगळूर येथे प्रसिद्ध झाला. सारख्या आकाराचा महसीर सॅमनपेक्षा अधिक चांगली झुंज देतो, असे त्याचे मत होते. या एका मताने महसीराला जगभर नाव मिळाले. सॅमनच्या मापाने सर्व काही मोजण्याची सवय तेव्हा इतकी होती, की कोकण किनाऱ्यावरील रावस या माशालाही इंग्रजांनी ‘इंडियन सॅमन’ म्हटले, वस्तुतः त्याचा सॅमनशी काही संबंध नाही. त्याच सुमारास फ्रान्सिस डे याने हिंदुस्थान व ब्रह्मदेश यांतील गोड्या पाण्याच्या मासेमारीवर अहवाल दिला (१८७३) आणि नद्यांतील माशांच्या बेसुमार नाशाकडे सरकारचे लक्ष वेधले. पुढे १८९७ च्या भारतीय मत्स्योद्योग अधिनियमाने सुरुंग व विष यांच्या साहाय्याने मासे मारण्यास बंदी केली. मोठ्या महसीरांच्या नोंदी या काळात ठेवल्या जाऊ लागल्या. कावेरीची उपनदी कबिनी येथे १९४६ मध्ये धरलेला १२० पौंडांचा (सु. ५४ किग्रॅ.) महसीर विक्रमी मानला जातो.

स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्रात या क्रीडेचे केंद्र मुंबईजवळचा पवई तलाव (१८९१) हे राहिले. याहून महत्त्वाचे कार्य लोणावळ्यास घडले. तेथील वळवण जलाशयावर टाटा विद्युत कंपन्यांनी १९७० च्या सुमारास महसीराची कृत्रिम पैदास सुरू केली. राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे माजी संचालक सी. व्ही. कुलकर्णी यांनी या जातीच्या अंडी घालण्याच्या सवयींवर व पिलांच्या वाढीवर संशोधन केले. धरणांमुळे घटत चाललेल्या माशाला यामुळे नवी आशा मिळाली आणि लोणावळ्याचे मत्स्यबीज देशातील अनेक जलाशयांत व नद्यांत सोडण्यात आले.

त्यांत कावेरीही होती. तेथील हौशी गळधारकांच्या संस्थांनी मासे वाढावेत म्हणून हे बीज नदीत सोडले. हेतू चांगला होता. परिणाम निराळा झाला. कावेरीत कुबड असलेला जो प्रचंड महसीर होता, ज्याच्यामुळे ती नदी जगभरच्या शौकिनांत गाजली, तो केवळ त्याच खोऱ्यातील होता. दख्खनचा महसीर तेथे झपाट्याने वाढला व मूळचा मासा दिसेनासा होत गेला. हा बदल उघडकीस आला तो गळधारकांच्याच नोंदवह्यांतून. मासा धरून, मोजून परत सोडण्याची पद्धत तेथे होती आणि १९९८ ते २०१२ या काळातील नोंदी अभ्यासकांनी तपासल्या. कुबडवाल्या महसीराला शास्त्रीय नावही बरीच वर्षे निश्चितपणे मिळालेले नव्हते. टॉर रेमादेवी हीच ती जात, हे २०१८ मध्ये सिद्ध झाले व त्याच वर्षी अतिसंकटग्रस्त जातींत तिची गणना झाली. एका खोऱ्यातील मासा दुसऱ्या खोऱ्यात नेताना पाण्याचे वेगळेपण विसरले गेले. सोमेश्वराच्या प्रकारवार यादीची आठवण या ठिकाणी झाल्यावाचून राहत नाही.

गोदावरीच्या मराठवाड्यातील भागात हौशी मत्स्यविनोद असा संघटित स्वरूपात रुजला नाही. मरळ, वाम, शिंगाळा यांसारखे मासे गळाने धरण्याचा उद्योग काठावरच्या गावांत चालतो. गांडूळ किंवा कणकेचा गोळा एवढेच त्याचे साहित्य. मात्र येथील नदी पूर्वीची राहिलेली नाही. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले. त्यानंतर नांदेडजवळ विष्णुपुरी, मुदखेड तालुक्यात आमदुरा, उमरी तालुक्यात बळेगाव व धर्माबाद तालुक्यात बाभळी असे बंधारे एकापाठोपाठ उभे राहिले. उन्हाळ्यात पूर्वी डोहाडोहांत विभागली जाणारी नदी आता लांबच लांब साचलेल्या पाण्याची झाली आहे. कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडण्यास व सहकारी संस्थांच्या जाळ्यांना असे पाणी सोयीचे असते. परंतु पावसाळ्याच्या आरंभी प्रवाहाविरुद्ध वर चढून अंडी घालणाऱ्या माशांना, ज्यांना लोक ‘वलगणीचे मासे’ म्हणतात, त्यांना ते अडसर ठरते. महसीर हा त्यांपैकीच एक होय.

या संदर्भात बाभळी बंधाऱ्याचे उदाहरण लक्षात घेण्याजोगे आहे. महाराष्ट्र व तत्कालीन आंध्र प्रदेश यांच्यातील पाण्याच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निर्णय दिला. त्यानुसार या बंधाऱ्याची दारे दर वर्षी १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात उघडी ठेवावयाची असतात. हा नियम सर्वस्वी पाणीवाटपासाठी आहे. माशांचा विचार त्यात नाही. तथापि वलगणीचा बराचसा हंगाम याच काळात येतो, आणि त्या चार महिन्यांत पोचमपाड जलाशयाकडून वर येणाऱ्या माशांना बाभळीपाशी तरी वाट मोकळी मिळते.