केडगावच्या शिवारात बिबट्या : खरा कसा ओळखायचा, दिसला तर काय करायचं, भरपाई कशी मिळवायची

केडगाव : "आपल्या मळ्याजवळ वाघ दिसला," असा मेसेज आला की अर्ध्या तासात तो केडगावपासून नेप्ती, अरणगाव, कामरगावपर्यंत पोहोचतो. त्यातले काही मेसेज खरे असतात, बरेच खोटे असतात. पण विषय हसण्यावारी नेण्यासारखा राहिलेला नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये अहिल्यानगर तालुक्यातील खारेकर्जुने येथे बिबट्याच्या हल्ल्यात एका चिमुरडीचा जीव गेला. त्याच महिन्यात कोपरगाव तालुक्यात दोघांचा बळी गेला. त्यामुळे वस्तीवर राहणाऱ्या, रात्री पाणी धरायला जाणाऱ्या आणि शेळ्या पाळणाऱ्या प्रत्येक घराला या जनावराची नीट माहिती हवी. ती एका जागी देत आहोत.

आधी एक गोष्ट : आपल्याकडे वाघ नाही, बिबट्या आहे

नगरकडे बोलताना बिबट्यालाही वाघच म्हणतात. पण पट्टेरी वाघ वेगळा. आपल्या जिल्ह्यात उसात, ओढ्याला, डोंगरकपारीला दिसतो तो बिबट्या. अंग पिवळसर, त्यावर फुलासारखे काळे ठिपके, शेपटी लांब. मादीचं वजन साधारण 30 ते 40 किलो, नराचं 50 ते 70 किलोपर्यंत. झाडावर चढतो, भिंतीवरून उडी मारतो, दिवसभर दबून बसतो आणि अंधार पडला की फिरतो.

जंगल सोडून आला, की इथलाच आहे?

"बिबट्याची जागा जंगलात, तो वाट चुकून गावात आला," असं आपण म्हणतो. आपल्याच जिल्ह्यातल्या अभ्यासाने मात्र वेगळं चित्र समोर आणलं.

वन्यजीव अभ्यासक डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी 2008 साली अकोले तालुक्यात शेतांच्या बांधावर, पाणंदीवर आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावले. तो भाग राखीव जंगलाचा नाही. ऊस, मका, भाजीपाला आणि दर चौरस किलोमीटरला 300 हून जास्त माणसं. तरीही तिथे दर 100 चौरस किलोमीटरला साधारण 5 मोठे बिबटे निघाले. जवळपास तितकेच तरस निघाले. शिवाय खोकड, कोल्हा, रानमांजर आणि वाघाटी. हा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. इतके बिबटे असूनही त्या भागात माणसावर हल्ले क्वचितच झाले होते.

पुढे काही बिबट्यांच्या गळ्यात पट्टा बांधून त्यांचा माग काढला, तेव्हा कळलं की दिवसा ते माणसापासून लांब राहतात आणि रात्री घरांपासून 25 मीटरच्या आत येऊन जातात. घरच्यांना पत्ताही नसतो.

म्हणजे उसातला बिबट्या पाहुणा नाही. तिथेच जन्मला, तिथेच वाढला. त्याच्या कित्येक पिढ्यांनी जंगल पाहिलेलं नाही.

मग तो आला कुठून?

उत्तर पाण्यात आणि उसात आहे. 1926 साली भंडारदरा धरण झालं. प्रवरेचे कालवे फिरले. 1950 च्या सुमारास लोणीला प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. नंतर मुळा धरण झालं, कुकडीचं पाणी पारनेर, श्रीगोंदा, कर्जतकडे आलं. जिथे माळ होता तिथे बारमाही हिरवं उभं राहिलं. ऊस शेतात वर्षभर, कधी 18 महिने उभा असतो. बिबट्याला लपायला आडोसा, प्यायला पाणी आणि खायला वस्तीवरची कुत्री, हे सगळं एकाच जागी मिळालं.

केडगावची गोष्ट थोडी वेगळी आहे. इथे एकीकडे महापालिकेची वसाहत, दुसरीकडे ज्वारी, कांदा, फुलांची शेती. उसाचे मोठे पट्टे कमी. त्यामुळे इथे बिबट्या आला तर बहुधा ओढे, नाले, काटवन आणि डोंगराच्या कडेने येतो. बायपासलगतचा कचरा, हॉटेलांमागचं खरकटं आणि त्यावर जमणारी मोकाट कुत्री त्याला थांबवून ठेवतात.

खरा बिबट्या की दुसरं काही? अशी करा खात्री

रात्री गाडीच्या उजेडात चमकलेले डोळे पाहून बिबट्या ठरवू नका. सकाळी, उजेड पडल्यावर, चार माणसं सोबत घेऊन ठसे बघा.

बिबट्या : ठसा गोलसर, चार बोटं, नखांची खूण नाही, कारण चालताना तो नखं आत ओढून घेतो. मागच्या गादीच्या खालच्या कडेला तीन उंचवटे. मोठ्या बिबट्याचा ठसा साधारण 7 ते 9 सेंटिमीटर रुंद.

कुत्रा : ठसा लांबट, पुढे नखांच्या खुणा स्पष्ट.

तरस : नखांच्या खुणा दिसतात. पुढचा पाय मोठा, मागचा लहान, म्हणून दोन मापांचे ठसे. दिसायला पाठ मागे उतरती, अंगावर आडवे पट्टे, मानेवर आयाळ. तरस बहुतेक मेलेल्या जनावरावर जगतो. आपल्याकडे बिबट्या म्हणून पुष्कळदा तरसाचीच बोंब होते.

रानमांजर : ठसा बिबट्यासारखाच, नख नाही, पण आकाराने जवळपास निम्मा.

ठसा सापडला तर त्यावर टोपलं किंवा पाटी झाका. शेजारी काडेपेटी किंवा नाणं ठेवून फोटो काढा, म्हणजे माप कळतं. तो फोटो ग्रुपवर टाकण्याआधी वनरक्षकाला पाठवा.

बिबट्या खातो काय? शेळीवाल्यांनी हे नक्की वाचा

अकोल्यातच बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तो 2014 साली प्रसिद्ध झाला. त्यात बिबट्याच्या खाण्यात 87 टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या जनावरांचा निघाला. एकट्या कुत्र्यांचा वाटा 39 टक्के. शेळ्यांचा फक्त 11 टक्के.

आता गंमत बघा. त्या भागात शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सातपट होती. मग शेळी कमी का खाल्ली? कारण दिवसा शेळीमागे राखणारा माणूस होता आणि रात्री ती बंद गोठ्यात होती. कुत्रं मोकळं होतं.

यातून दोन कामं सरळ निघतात.

पहिलं, गोठा चारी बाजूंनी आणि वरूनही बंद करा. नुसतं कुंपण पुरत नाही, बिबट्या वरून उतरतो. भक्कम जाळी, वर पत्रा किंवा जाळी, दाराला कडी. मेंढपाळ बांधवांनी वाघर उंच लावावी, कोकरं मधोमध ठेवावीत आणि रात्री आळीपाळीने जागावं.

दुसरं, उघड्यावरचा कचरा, मेलेल्या कोंबड्या, मटणाच्या दुकानाची घाण उचलली गेलीच पाहिजे. कुत्री वाढली की बिबट्या येणारच. केडगावपुरतं हे काम महापालिकेचं आहे, खेड्यात ग्रामपंचायतीचं. ग्रामसभेत नुसता पिंजरा मागू नका, कचऱ्याचा विषयही लेखी मांडा.

पोरांची आणि स्वतःची काळजी

बिबट्या सहसा उभ्या माणसावर धावत नाही. खाली बसलेलं किंवा वाकलेलं माणूस आणि लहान मूल त्याला भक्ष्याच्या उंचीचं दिसतं. म्हणून :

- दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत लहान मुलं अंगणात एकटी नकोत. शेजारच्या घरी जायचं तरी मोठं माणूस सोबत हवं.
- शौचाला उघड्यावर जाऊ नका. संडास लांब असेल तर वाटेवर दिवा लावा.
- उघड्या ओट्यावर, खळ्यावर झोपू नका.
- घराला लागून ऊस, मका, गिन्नी गवत असेल तर मधे मोकळी पट्टी ठेवा.
- रात्री पाणी धरायला दोघं जा. बॅटरी, काठी हातात, मोबाईलवर गाणी मोठ्याने. गळ्याभोवती मफलर गुंडाळा.
- शाळेत पोरांनी घोळक्याने जावं, उसाच्या कडेची पायवाट टाळावी.

रात्रीच्या पाण्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे. शेतकरी हौसेने अंधारात जात नाही, वीज रात्री येते म्हणून जातो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना दिवसा वीज देण्यासाठीच आहे. ज्या शिवारात बिबट्याचा वावर आहे, तिथल्या फीडरला आधी दिवसा वीज द्या, ही मागणी ठरावात घ्या.

समोर आलाच तर?

पळू नका, पाठ दाखवू नका, खाली बसू नका. पोरगं सोबत असेल तर न वाकता पटकन कडेवर घ्या. हात वर करा, मोठ्याने ओरडा, हळूहळू मागे सरका. त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवा. घोळका करून घेरलं, दगड मारले, मोबाईल घेऊन जवळ गेलं की घाबरलेला बिबट्या अंगावर येतो. गर्दीत जखमी होणारे बहुतेक बघेच असतात.

ऊसतोडणीत बछडे सापडले तर हात लावू नका, घरी नेऊ नका. आई जवळपासच असते आणि रात्री पिल्लं घेऊन जाते. तोड थांबवा, वन विभागाला कळवा. पिल्लं हलवली तर चिडलेली मादी तिथेच घिरट्या घालते. धोका गावालाच.

पिंजरा लावून दूर सोडलं की प्रश्न संपतो?

हीच मागणी सगळीकडे असते. माणूस मारणारा बिबट्या पकडावाच लागतो, त्यात वाद नाही. पण नुसता दिसला म्हणून पकडून लांब सोडला, तर काय होतं हे शेजारच्या जुन्नरने भोगलं आहे. 2001 ते 2003 या काळात तिथे पुष्कळ बिबटे पकडून दुसरीकडे सोडले. हल्ले थांबले नाहीत. वर्षाला सरासरी 4 होते, ते 17 वर गेले. अनोळखी मुलखात टाकलेला बिबट्या बिथरतो आणि रिकाम्या जागेवर दुसरा येतो.

दुसरं उदाहरण आपल्याच पारनेर तालुक्याचं. 2009 साली टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला एक वयस्कर नर बाहेर काढला. गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला. अभ्यासकांनी त्याचं नाव ठेवलं आजोबा. या आजोबांनी महिन्याच्या आत सुमारे 120 किलोमीटर चाल केली. कसाऱ्याजवळून, तुंगारेश्वरमधून, वसईची खाडी पोहून ते थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोहोचले. वाटेत कुणाला ओरखडाही काढला नाही. 2011 च्या अखेरीस महामार्गावर गाडीच्या धडकेने मेले. त्यांच्यावर 2014 साली मराठी सिनेमाही आला. सोडलं तिथे बिबट्या राहत नाही, हे त्यातून कळतं.

भरपाई : घाई करा, पण पुरावा हलवू नका

शासनाचे दर असे आहेत :

- माणसाचा मृत्यू : वारसांना 25 लाख रुपये.
- कायमचं अपंगत्व : 7 लाख 50 हजार. गंभीर जखमी : 5 लाख.
- गाय, बैल, म्हैस मेल्यास : बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 70 हजार, यात जे कमी ते.
- शेळी, मेंढी मेल्यास : 75 टक्के किंवा 15 हजार, यात जे कमी ते.

जनावर मेलं तर 48 तासांच्या आत वनरक्षक किंवा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला कळवा. पंचनामा होईपर्यंत मढं जागेवरून हलवू नका, पुरू नका. त्यात विष तर अजिबात घालू नका. आधी फोटो काढा, ठसे झाका, सरपंच किंवा पोलीस पाटलाला बोलवा. पंचनाम्याची आणि पशुवैद्यकीय दाखल्याची प्रत मागून घ्या. आधार आणि बँक पासबुकाची झेरॉक्स जोडा. अर्जाची पोहोच घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नका.

कायद्याचं भानही ठेवा. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारलं, फास लावला, कुंपणात करंट सोडला तर 3 ते 7 वर्षं कैद आणि किमान 25 हजार रुपये दंड. करंटने आधी आपलाच माणूस मरतो, हे वेगळं सांगायला नको. माणसाला धोकादायक झालेल्या बिबट्याला मारण्याचा आदेश फक्त राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात.

फॉरवर्ड करण्याआधी

आता मोबाईलवर पाहिजे त्या चौकात बिबट्या उभा करता येतो. दुसऱ्या राज्यातला जुना व्हिडिओ "केडगाव, आत्ता" म्हणून फिरतो. रोज खोटी हाळी दिली की खऱ्या दिवशी कुणी उठत नाही, आणि वन विभागाची गाडी भलत्याच दिशेला पळते. मेसेजमध्ये जागा, वेळ, पाहणाऱ्याचा नंबर नसेल तर पुढे पाठवू नका. अफवा पसरवल्याबद्दल गुन्हाही दाखल होऊ शकतो.

हे नंबर सेव्ह करा

वन विभाग हेल्पलाईन : 1926
पोलीस आणि तातडीची मदत : 112
रुग्णवाहिका : 108

शिवाय तुमच्या बीटच्या वनरक्षकाचा नंबर ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून घ्या. बिबट्या इथून कुठे जाणार नाही आणि आपणही जाणार नाही. गोठ्याची कडी, अंगणातला दिवा आणि पोराचा धरलेला हात, एवढं रोज संध्याकाळी सांभाळलं तर बहुतेक रात्री तो आपल्या वाटेने येईल आणि आपल्या वाटेने जाईल.