लग्न, देश आणि आपली सही

लग्न झाले की मुलीचे आडनाव बदलते, गोत्र सासरचे होते, कुलदैवतही सासरचे होते. पण लग्नाबरोबर तिचा देशही बदलतो काय? पूर्वी असा प्रश्न आपल्या घरांत कोणाला पडत नसे. हल्ली मात्र आपल्या मंडळाच्या कितीतरी भगिनींच्या लेकी आणि पुतण्या साता समुद्रापलीकडे नांदत आहेत. नवऱ्यामुळे तिकडे कायम राहण्याचा परवाना मिळतो आणि काही वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करायचा की नाही, यावर फोनवर खल सुरू होतो. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी हाच विषय घ्यावा असे मनात आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. कायद्याचा कीस पाडणे हे माझे काम नव्हे. वाचून जे समजले ते साध्या शब्दांत सांगते.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हा अर्जच नव्हता. इंग्लंडात १८७० साली एक कायदा झाला. त्याप्रमाणे परक्या देशाच्या माणसाशी लग्न करणारी इंग्रज बाई त्या क्षणी परकी ठरे आणि इंग्रजाशी लग्न करणारी परकी बाई आपोआप इंग्रज होई. तिला कोणी विचारत नसे. याच कायद्यात 'असमर्थ' कोणाला म्हणावे याची यादी आहे : अज्ञान मूल, वेडा, जडबुद्धी आणि विवाहित स्त्री! वाचून हसावे की रडावे ते कळेना. १९१४ च्या नव्या कायद्यातही ही यादी तशीच राहिली. त्याच साली पहिले महायुद्ध पेटले, आणि जर्मन माणसांशी लग्न केलेल्या, इंग्लंडातच जन्मलेल्या बायकांना आपल्याच देशात शत्रू म्हणून नोंद करावी लागली.

आपला देश तेव्हा इंग्रजी अमलाखाली होता, म्हणून हाच कायदा इकडेही लागू. परमवीर चक्राची आकृती ज्यांनी रेखाटली त्या सावित्रीबाई खानोलकर जन्माने युरोपियन. त्यांचा जन्म १९१३ साली स्वित्झर्लंडात झाला. १९३२ मध्ये त्यांचे लग्न लष्करातील अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी झाले. पती ब्रिटिश प्रजाजन म्हणून पत्नीही ब्रिटिश प्रजाजन, असा तेव्हाचा नियम. मनाने त्या किती भारतीय झाल्या हे त्यांच्या कामाने दाखविले. पण कायद्याने त्यांच्या मनाची चौकशी केली नव्हती.

अमेरिकेची कथा आणखी बोलकी आहे. १९०७ साली तेथे कायदा झाला की परक्याशी लग्न करणाऱ्या अमेरिकन बाईने नवऱ्याचे नागरिकत्व घेतले असे समजावे. कॅलिफोर्नियातील एथेल मॅकेन्झी या बाईंनी १९०९ मध्ये एका ब्रिटिश प्रजाजनाशी लग्न केले. नवरा-बायको कॅलिफोर्नियातच राहत होती. १९११ मध्ये त्या राज्यात स्त्रियांना मताचा हक्क मिळाला. बाई मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या, तर उत्तर मिळाले, 'तुम्ही अमेरिकन नाहीत.' जन्म तिथला, घर तिथले, तरी परक्या! त्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढल्या आणि १९१५ मध्ये हरल्या. परिणाम ठाऊक असूनही तुम्ही आपखुशीने लग्न केले, असे न्यायालयाचे म्हणणे पडले.

पण बाई हरल्या तरी प्रश्न मिटला नाही. १९२० मध्ये साऱ्या अमेरिकेत स्त्रियांना मताचा हक्क मिळाला आणि १९२२ मध्ये कायदा बदलला. अमेरिकेच्या नागरिकाशी लग्न करणारी परकी बाई आता आपोआप नागरिक होईना; तिने स्वतः अर्ज करावा, मात्र इतरांपेक्षा तिची मुदत कमी असावी, असे ठरले. आज आपल्या लेकी जो अर्ज भरतात त्याचे मूळ इथे आहे.

तरीही त्या कायद्यात एक काटा राहिलाच. ज्या माणसाला नागरिक होण्याची परवानगीच नाही, अशाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन बाईचे नागरिकत्व जात असे. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात निकाल लागला की हिंदी माणूस अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही. त्यानंतर, आधी ज्यांना नागरिकत्व दिले होते त्यांचेही काढून घेण्याचा सपाटा सरकारने लावला. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित हे स्वतः १९१४ पासून अमेरिकन नागरिक होते. त्यांच्यावरही पाळी आली. त्यांची पत्नी लिलियन जन्माने अमेरिकन. पतीचे नागरिकत्व गेले असते तर त्यांचीही गत 'तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले' अशी झाली असती. पंडित हिमतीने लढले. १९२६ मध्ये अपिलाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारची मागणी दाखल करून घेतली नाही. बायकांच्या वाटेतील तो काटा १९३१ मध्ये निघाला. हिंदी लोकांना नागरिकत्वाची वाट खुली व्हायला मात्र १९४६ साल उजाडले.

इंग्लंडने आपला जुना नियम १ जानेवारी १९४९ पासून सोडला. १९५७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी विवाहित स्त्रियांच्या राष्ट्रीयत्वाविषयी करार केला. लग्नाने किंवा काडीमोडाने बाईचे नागरिकत्व आपोआप बदलू नये. तिची इच्छा असेल तर नवऱ्याच्या देशाचे नागरिकत्व तिला सवलतीने मागता यावे, असा त्याचा मतलब.

आता आपल्या घरचे पाहू. आपला नागरिकत्वाचा कायदा १९५५ चा. भारतीयाशी लग्न केलेल्या बाईला नोंदणीसाठी अर्ज करण्याची सोय त्यात होती; पण भारतीय बाईच्या परदेशी नवऱ्याला ती नव्हती. १९८६ मध्ये 'स्त्रिया' हा शब्द जाऊन 'व्यक्ती' आला. सध्या अर्जापूर्वी सात वर्षांचे वास्तव्य लागते. परदेशी जन्मलेल्या मुलाला भारतीय नागरिकत्व केवळ बापाकडून मिळे. आईकडूनही मिळावे ही दुरुस्ती १९९२ मध्ये झाली. नऊ महिने पोटात वागविणाऱ्या आईची गणती व्हायला इतकी वर्षे लागली!

अमेरिकेत आज नागरिकाच्या पत्नीला कायम वास्तव्याच्या परवान्यानंतर, नवऱ्याबरोबर नांदत असता, तीन वर्षांनी अर्ज करता येतो. एरवी पाच वर्षे लागतात. परीक्षा द्यावी लागते, शपथ घ्यावी लागते. लग्नाला दोन वर्षे झाली नसतील तर पहिला परवाना दोन वर्षांचाच असतो आणि तो पक्का करण्याच्या अर्जावर साधारणपणे दोघांच्या सह्या लागतात. नवरा चांगला असेल तर प्रश्नच नाही. पण छळणारा निघाला तर 'सही करणार नाही' ही धमकीही त्याच्या हाती असते. अशा बाईला नवऱ्याशिवाय स्वतःचा अर्ज करता यावा, अशी सोय तेथे १९९४ च्या कायद्याने अधिक रुंद केली. ही गोष्ट प्रत्येक आईने लेकीला सांगून ठेवावी.

नागरिकत्व घ्यावे की नाही, हे जिचे तिने ठरवावे. आपला कायदा दोन नागरिकत्वे मानीत नाही. तिकडचे घेतले की इकडचे जाते. जन्मभूमीचे पारपत्र परत करताना कोणाचेही मन जड होईल. घेऊ नये असे वाटले तर तोही तिचा हक्क. मात्र निर्णय तिचा असावा, कागद तिच्या पेटीत असावेत आणि अर्जावर काय लिहिले आहे हे तिने स्वतः वाचलेले असावे.

अर्ज लांबलचक असतो, खेटे घालावे लागतात, जीव मेटाकुटीला येतो. पण एके काळी बाईला वेड्यांच्या आणि अज्ञान मुलांच्या पंक्तीला बसवून तिचा देश परस्पर बदलत असत. अर्जाखालची ती सहीची जागा मिळवायला एथेलबाईंसारख्या कितीजणी झगडल्या. तेव्हा भगिनींनो, लेकीला सांगा, 'बाई गं, सही कर अथवा नको करूस. पण ती जागा तुझी आहे, एवढे विसरू नकोस.'