जाहीरनाम्याची उलटलेली दिशा: १९३६-३७ चा मुंबई इलाखा

‘जाहीरनामा’ हा शब्द मराठीत दीर्घकाळ राज्यकर्त्याच्या बाजूने वापरला गेला. सरकारने काढावा आणि रयतेने ऐकावा असा तो हुकूम असे, आणि १८५८ चा राणीचा जाहीरनामा याच अर्थाने लोकांच्या तोंडी रुळला होता. मत मागणाऱ्याने मतदारापुढे स्वतःला बांधून घ्यावे, शेतसारा, मजुरी, शिक्षण, कर अशा बाबींवर आपण काय करू हे आधी लिहून द्यावे, हा त्या शब्दाचा आजचा अर्थ मुंबई इलाख्यात खऱ्या अर्थाने रुजला तो १९३५ च्या कायद्याखाली झालेल्या प्रांतिक निवडणुकीच्या वेळी. या कायद्याने प्रांतांना स्वायत्तता दिली, म्हणजे प्रांताची बहुतेक खाती निवडून आलेल्या मंत्र्यांच्या हाती सोपवली. मताचा हक्क अजूनही मालमत्ता, करभरणा व शिक्षण यांवर अवलंबून होता; तरीही देशभरातील मतदारांची संख्या सुमारे ३ कोटींवर गेली आणि कुळे व गिरणी कामगार यांच्यातील काही भाग प्रथमच उमेदवाराला प्रश्न विचारण्याच्या स्थितीत आला.

१७५ जागांच्या मुंबई विधानसभेसाठी फेब्रुवारी १९३७ मध्ये मतदान झाले. त्याआधी सहा महिने, ऑगस्ट १९३६ मध्ये, डॉ. भीमराव आंबेडकर यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन करून त्याचा कार्यक्रम प्रसिद्ध केला, आणि काँग्रेसचा निवडणूक जाहीरनामाही त्याच महिन्यात मुंबईतच संमत झाला. आंबेडकरांच्या पक्षाच्या नावातील ‘मजूर’ हा शब्द विचारपूर्वक निवडलेला होता. पुणे करारानुसार इलाख्यात अस्पृश्य वर्गांसाठी १५ जागा राखीव होत्या, आणि केवळ त्या जागांपुरते बोलणारा पक्ष काढणे सोपे होते. त्याऐवजी जातीने दडपलेला माणूस आणि श्रमावर जगणारा माणूस यांचे प्रश्न एका कार्यक्रमात मांडण्याचा प्रयत्न येथे झाला. पक्षाच्या उमेदवारांमध्ये अनंतराव चित्रे, सुरबा टिपणीस, शामराव परुळेकर असे अस्पृश्येतर कार्यकर्तेही होते, ही गोष्ट त्या प्रयत्नाची साक्ष आहे.

स्वतंत्र मजूर पक्षाच्या जाहीरनाम्यातील भूमिका आजही वाचण्यासारख्या आहेत, कारण त्यांत केवळ इच्छा नाही, कारणमीमांसाही आहे. शेतकऱ्याच्या दारिद्र्याचे मूळ जमिनीचे तुकडे पडणे आणि जमिनीवर लोकसंख्येचा भार वाढणे यांत आहे, असे निदान करून त्यावर नवे व जुने उद्योग उभारणे, धंदेशिक्षण, भूतारण बँका आणि उत्पादकांच्या सहकारी संस्था हे उपाय सुचवले होते. लोकहितासाठी आवश्यक तेथे उद्योग सरकारने स्वतः चालवावेत, असेही त्यात म्हटले होते. गिरणी कामगारांसाठी कामाच्या तासांची कमाल मर्यादा, पुरेसे वेतन, पगारी रजा आणि स्वस्त व आरोग्यदायी घरे, तर बेकारांसाठी सार्वजनिक कामे यांचे आश्वासन होते. शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याबरोबरच प्रत्येक गावाला सभागृह, वाचनालय आणि फिरता चित्रपट मिळावा असेही त्यात नमूद होते. खेड्यातील माणसाला अन्नाइतकीच करमणुकीची आणि ज्ञानाची भूक असते हे गृहीत धरणारे हे कलम त्या काळातील राजकीय लेखनात फार वेगळे उठून दिसते.

कुळांना पिळवणुकीपासून व जमिनीवरून हुसकावले जाण्यापासून संरक्षण देण्याचे कलम मात्र सर्वांत स्फोटक होते, आणि त्याचा अर्थ कोकणात लगेच समजत होता. रत्नागिरी व कुलाबा जिल्ह्यांत खोत हा सरकार आणि कसणारा यांच्यामध्ये उभा असे; गावाचा सारा सरकारात भरण्याची जबाबदारी त्याची, आणि कुळांकडून त्याहून कितीतरी अधिक वसूल करण्याची मुभाही त्याचीच. केवळ सरकारी धारा भरणाऱ्या धारेकऱ्याची स्थिती त्यातल्या त्यात बरी असे. परंतु अर्धेली कुळाला भाताचे निम्मे पीक द्यावे लागे, आणि ते निम्मे म्हणजे किती हे उभ्या पिकाच्या अंदाजावरून, म्हणजे अभावणीवरून, ठरे. कापणीपूर्वी खोताचा माणूस खाचराच्या बांधावर उभा राहून पिकाचा आकडा ठरवी. तो आकडा चढा असला तर कुळाच्या वाट्याला निम्म्याहूनही कमी उरे, आणि शिवाय वेठ, म्हणजे बिनमजुरीचे काम, चुकत नसे. अलिबागजवळच्या चरी परिसरात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ पासून जमिनी न कसण्याचा संप पुकारला होता आणि तो सहा वर्षे टिकला. जाहीरनाम्यातील हे कलम अशा पेटलेल्या भूमीवर लिहिले गेले होते.

मुंबई शहरात आंबेडकरांच्या विरोधात काँग्रेसने पाळवणकर बाळू या नामवंत क्रिकेटपटूला उभे केले होते. ती लढत आंबेडकरांनी सुमारे २,००० मतांनी जिंकली. पक्षाने इलाख्यात १७ उमेदवार उभे केले आणि त्यांतील बहुतेक निवडून आले. मतदाराला आपली सर्व मते एकाच उमेदवाराला देता येण्याची संचयी मतदानाची पद्धत अशा लहान पण संघटित पक्षाला उपकारक ठरली, हे मान्य केले पाहिजे.

सत्ता मात्र काँग्रेसकडे गेली आणि जुलै १९३७ मध्ये बाळासाहेब खेर पंतप्रधान झाले. प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधान म्हणत. विरोधी बाकावरून आंबेडकरांनी दिलेला शब्द ज्या तत्परतेने पाळायला घेतला, ती त्या काळाच्या इतिहासात पुरेशी नोंदली गेलेली नाही. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती नष्ट करणारे विधेयक सभागृहात मांडले. खोताला वाजवी नुकसानभरपाई द्यावी आणि प्रत्यक्ष कसणाऱ्याला १८७९ च्या जमीन महसूल कायद्याखालील कब्जेदाराचा दर्जा देऊन त्याचा सरकारशी थेट संबंध जोडावा, अशी त्याची रचना होती. १० जानेवारी १९३८ रोजी कोकण आणि इतर जिल्ह्यांतील हजारो शेतकरी मुंबईत विधानसभेवर चालून आले आणि त्यांच्या मागण्यांत खोतीचा अंत ही अग्रभागी होती. लोकसंख्येच्या भाराविषयीची भूमिकाही कागदावर राहिली नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये पक्षाचे सभासद प्रभाकर रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला, आणि तो सभागृहाने फेटाळला. त्याच महिन्याच्या ७ तारखेला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईच्या कामगारांनी संप केला, कारण संपाच्या हक्कावर बंधने घालणारे ते विधेयक जाहीरनाम्याने दिलेल्या आश्वासनांच्या अगदी विरुद्ध टोकाचे होते.

खोतीचे विधेयक संमत होण्याआधीच १९३९ च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि १९४२ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाची जागा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने घेतली. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ मध्ये झाला, तेव्हा खेर पुन्हा सरकारचे प्रमुख होते. खोताचा मधला हक्क संपवून जमीन धारण करणाऱ्याने सारा थेट सरकारात भरावा, हे त्याचे मुख्य सूत्र १९३७ च्या विधेयकात आधीच लिहिलेले होते.