नामांतर आणि पत्ता

दक्षिण दिल्लीतील सरोजिनी नगर हे नाव आज स्वस्त कपड्यांच्या बाजारामुळे देशभर ठाऊक आहे. परंतु ही वसाहत मुळात बाजारासाठी वसली नाही. स्वातंत्र्यानंतर राजधानीत सरकारी नोकरांसाठी ज्या घरांच्या रांगा उभ्या राहिल्या, त्यांपैकी ही एक होय. आणि तिचे पहिले नाव विनयनगर असे होते. पुढे सरोजिनी नायडू यांच्या स्मरणार्थ ते बदलण्यात आले. शेजारच्या वसाहतींनाही नेताजी, दादाभाई नौरोजी, झाशीची राणी लक्ष्मीबाई यांची नावे मिळाली. येथील बंगाली शाळेच्या नावात मात्र 'विनयनगर' हा शब्द अजून टिकून आहे.

नामांतर हे वरवर पाहता एका आदेशाचे काम दिसते. फलक उतरतो, दुसरा चढतो. पण गावाचे नाव केवळ फलकावर राहत नाही. ते कारकुनाच्या सेवापुस्तिकेत, विम्याच्या कागदात, शिधापत्रिकेवर आणि कोकणातल्या एखाद्या घरी फडताळात ठेवलेल्या वहीतही लिहिलेले असते. सरकार आपल्या नोंदवह्या दुरुस्त करू शकते. त्या वहीपर्यंत सरकारचा हात पोहोचत नाही. तेथून जुन्या नावाने निघालेले पत्र योग्य दारी पोहोचावे कसे? पुष्कळदा त्याचे उत्तर एकच असे: टपालवाल्याच्या स्मरणात दोन्ही नावे असत. परंतु माणसाची स्मृती ही काही व्यवस्था नव्हे. टपालवाला निवृत्त झाला की ती त्याच्याबरोबर जाते. शिवाय एकाच नावाची ठिकाणेही अनेक असतात. लखनौलाही एक सरोजिनी नगर आहेच.

या अडचणीवर देशव्यापी उपाय योजला तो एका मराठी अधिकाऱ्याने. श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण खात्यातील वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतातील कवी व नाटककार. त्यांच्या योजनेनुसार १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड सुरू झाला. त्यातील सहा अंकांपैकी पहिला अंक देशाचा विभाग दाखवितो, दुसरा उपविभाग, तिसरा टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा, आणि शेवटचे तीन वाटप करणारे टपाल कार्यालय. सरोजिनी नगरचा क्रमांक ११००२३; उत्तर प्रदेशाचे क्रमांक मात्र २ ने सुरू होतात. त्यामुळे दिल्लीचे पत्र लखनौच्या वाटेला जाण्याचे कारण उरत नाही. शब्दांच्या अर्थच्छटांत रमणाऱ्या कवीने पत्त्यासाठी अर्थहीन आकडे निवडावेत, हे प्रथमदर्शनी नवल वाटते. पण शब्दाला अर्थ असतो म्हणूनच तो लोकांना प्रिय वा अप्रिय होतो आणि बदलतो. आकड्याविषयी कोणाला प्रेम नसते, म्हणून तो टिकतो. १९९५ साली बॉम्बेचे मुंबई झाले, २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. ४००००१ आणि ४३१००१ हे क्रमांक जागच्या जागी राहिले.

नावाप्रमाणेच स्थानांतराचाही प्रश्न आहे, आणि तो मराठी इतिहासाच्या अभ्यासकांना चांगला परिचित आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात तयार झाले. त्या काळच्या पुष्कळ पत्रांवर 'छ' अक्षरापुढे चंद्राची तारीख आणि मुसलमानी महिना असतो, साल नसते. ते ठरवावयाचे तर मजकुराइतकाच शेजारच्या कागदांचा आधार घ्यावा लागतो. असे पत्र कोणी सोयीसाठी दुसऱ्या रुमालात टाकले आणि त्याची नोंद केली नाही, तर कागद शाबूत राहूनही त्याचा एक साक्षीदार नाहीसा होतो.

आता टिपणे आणि नस्त्या संगणकावर आल्या आहेत. एका टिपणातून दुसऱ्या टिपणाकडे जाणारा दुवा तेथे क्षणात जोडता येतो. पण हा दुवा टिपणाच्या नावावर आणि कप्प्यावर बेतलेला असेल, तर नाव बदलताच किंवा टिपण हलविताच तो तुटतो. नवे यंत्र, जुनेच दुखणे! उपायही तेच तीन आहेत. नाव बदलताना जेथे जेथे उल्लेख आहे तेथे तो बदलणे, ही झाली नोंदवह्यांची दुरुस्ती. ती चोख असली तरी तिची हद्द आपल्या दफ्तरापुरती. बाहेरच्या वहीतला उल्लेख तसाच राहतो. जुने नाव पर्यायी नाव म्हणून जपणे, हे टपालवाल्याचे स्मरण झाले. आणि प्रत्येक टिपणाला नावाहून वेगळा कायमचा क्रमांक देणे, हा वेलणकरांचा मार्ग होय.

अर्थात क्रमांकही अमर नसतो. पिनकोड घर दाखवीत नाही, टपाल कार्यालय दाखवितो. वस्ती वाढून नवे कार्यालय उघडले की तोही बदलू शकतो. सरोजिनी नगरात हा बदल डोळ्यांदेखत घडत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ साली दिल्लीतील सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासास मान्यता दिली. त्यांत सरोजिनी नगरही आहे. जुनी बुटकी घरे जाऊन तेथे उंच इमारती येत आहेत. विनयनगराचे नाव पूर्वीच गेले होते, आता त्याच्या भिंतीही जात आहेत.

म्हणून या तीन उपायांपैकी एकावर विसंबून भागत नाही. क्रमांक पत्र पोहोचवितो. पण तेथे पूर्वी कोण राहत होते आणि त्या जागेला काय म्हणत होते, हे क्रमांक सांगत नाही. ते सांगण्यासाठी नव्या नावाशेजारी जुन्या नावाची एक ओळ लिहून ठेवावी लागते. ती लिहावयास क्षणभर पुरतो. न लिहिल्यास पुढच्या पिढीतील कोणीतरी ती शोधीत वर्षे घालवितो.