पंचवीस सेंटचा अंक

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने विषयाची अट घातली नव्हती. शाळेच्या आठवणी बहुतेक जण लिहिणारच आहेत, म्हणून मी इतिहासाचा एक तास घ्यायचे ठरवले. विषय वाचून आपल्या तुकडीतल्या काहींना हसू येईल. अमेरिकेतल्या पोरांनी घरच्या गॅरेजमध्ये मॉडिफाय केलेल्या जुन्या मोटारी, आणि त्या मोटारींसाठी निघालेले एक मासिक. नोकरीच्या निमित्ताने काही वर्षे कॅलिफोर्नियात होते, तेव्हा लॉस एंजेलिसमधले पीटरसन मोटार संग्रहालय पाहिले आणि या विषयाचा नाद लागला. गाड्या सुंदर आहेतच, पण मला मासिकाची हकिगत जास्त आवडली.

सुरुवात १९३२ पासून करू. त्या साली फोर्डने सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत व्ही-८ इंजिन दिले. काही वर्षांत या गाड्या जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागल्या. दक्षिण कॅलिफोर्नियातले तरुण त्या घेत, वजन कमी करण्यासाठी मडगार्ड काढून टाकत, इंजिनाचे हेड घासून कॉम्प्रेशन वाढवत, एका कार्ब्युरेटरच्या जागी दोन बसवत. अशा गाडीला पुढे ‘हॉट रॉड’ हे नाव पडले. वेग आजमावायला जवळच्या वाळवंटात म्युरॉक आणि एल मिराज हे सुकलेले तलाव होते. मैलोन् मैल सपाट, टणक जमीन. १९३७ मध्ये तिथल्या क्लबांनी एकत्र येऊन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन केली. घड्याळ लावून वेग मोजायचा, नियम पाळायचे आणि निकाल लिहून ठेवायचे, असे तिचे काम.

या निकालांच्या मागे एक बाई उभी आहे, वेडा ऑर. ती स्वतः या तलावांवर गाडी पळवायची. दुसरे महायुद्ध सुरू झाले, शर्यती थांबल्या, म्युरॉकचा तलाव लष्कराकडे गेला आणि सभासद आघाडीवर पांगले. १९४१ मध्ये निघालेले ‘थ्रॉटल’ हे या छंदाचे मासिकही वर्षभरात बंद पडले. त्या काळात वेडा ऑरने संघटनेचे बातमीपत्र चालू ठेवले आणि सैन्यात गेलेल्या पोरांना ते पाठवत राहिली. युद्ध संपल्यावर तिने तलावांवरच्या गाड्यांच्या छायाचित्रांचे पुस्तकही काढले. हॉट रॉडचा इतिहास सांगताना तिचे नाव बऱ्याचदा एका ओळीत आटोपतात. पण मासिकाला लागणारा वाचकवर्ग युद्धाच्या वर्षांत विखरून गेला नाही, याचे बरेचसे श्रेय मी तिला देते.

युद्धावरून परतलेल्या तरुणांच्या हाताला यंत्रांची सवय झाली होती आणि खिशात थोडे पैसे होते. गाड्या वाढल्या, तशा शहराच्या रस्त्यांवर चोरून लागणाऱ्या शर्यतीही वाढल्या. अपघात झाला की वर्तमानपत्रांत मथळा ठरलेला. तलावावर नियमाने गाडी चालवणारा आणि चौकात जीव धोक्यात घालणारा, दोघांनाही लोक ‘हॉट रॉडर’ म्हणत. सरसकट बंदीची भाषा सुरू झाली. आपली बाजू मांडायला या मुलांकडे काहीच साधन नव्हते.

म्हणून संघटनेने जानेवारी १९४८ मध्ये लॉस एंजेलिसच्या आर्मरी इमारतीत गाड्यांचे प्रदर्शन भरवले. प्रसिद्धीचे काम करणाऱ्यांत रॉबर्ट पीटरसन हा २१ वर्षांचा तरुण होता. त्याआधी तो एमजीएम या चित्रपट कंपनीत निरोप्याचे काम करत असे. प्रदर्शनाची तयारी करताना त्याच्या लक्षात आले की या लोकांना एकमेकांच्या गाड्यांविषयी वाचायचे आहे आणि वाचायला काही नाही. रॉबर्ट लिंडसे या मित्राला सोबत घेऊन त्याने ‘हॉट रॉड’ मासिक काढले. किंमत पंचवीस सेंट, पहिल्या अंकाच्या प्रती ५,०००. पाठीशी मोठी प्रकाशनसंस्था नव्हती. या दोघांनी आर्मरीच्या पायऱ्यांवर उभे राहून अंक विकले.

अंकात काय होते? तलावांवरच्या शर्यतींचे निकाल, गाड्यांची छायाचित्रे, कोणत्या गाडीत कोणता बदल कोणी केला याची माहिती. मी २० हून अधिक वर्षे सॉफ्टवेअरमध्ये काढली आहेत, त्यामुळे या शेवटच्या गोष्टीचे मोल मला चांगले कळते. आमच्याकडे एखादा जाणकार नोकरी सोडून जातो आणि त्याने काही लिहून ठेवलेले नसेल, तर मागच्यांना सगळे पहिल्यापासून शोधावे लागते. गॅरेजमधली विद्याही तशीच तोंडी चालत आलेली होती. ती छापली गेल्यावर कॅन्ससमधल्या पोरालाही कॅलिफोर्नियातल्या मेकॅनिकचे काम पाहून शिकता येऊ लागले.

१९४९ मध्ये वॉली पार्क्स संपादक झाले. ते संघटनेचे जुने कार्यकर्ते. रस्त्यावरची शर्यत थांबवायची असेल तर मुलांना दुसरी जागा द्या, हा आग्रह त्यांनी मासिकातून धरला. १९५१ मध्ये त्यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. तिची पहिली अधिकृत शर्यत १९५३ मध्ये पोमोना इथे झाली आणि तिला तिथल्या पोलिसांचा पाठिंबा होता. पाच वर्षांपूर्वी ज्यांच्यामागे पोलीस लागत, त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट होती. पुढच्या वर्षी संघटनेचे एक पथक गाडी घेऊन गावोगाव फिरले आणि सुरक्षित शर्यत कशी भरवायची ते शिकवत गेले.

पीटरसनचा व्यवसाय वाढत गेला. ‘मोटर ट्रेंड’सारखी नियतकालिके निघाली. १९९६ मध्ये त्याने कंपनी विकली, आणि त्यानंतर मालक बदलत राहिले. डिसेंबर २०१९ मध्ये तेव्हाच्या मालकांनी एका घोषणेत २२ पैकी १९ मासिके छापणे थांबवले. ‘स्ट्रीट रॉडर’ गेले, ट्रकवाल्यांचे ‘क्लासिक ट्रक्स’ आणि ‘ट्रकिन’ गेले, ‘लोरायडर’ गेले. ‘हॉट रॉड’ वाचले. जाहिरातींचा पैसा इंटरनेटकडे गेला होता आणि हिशेबाच्या वहीत या मासिकांना जागा उरली नव्हती.

पण वाचक होते तिथेच होते. २०२० मध्ये ‘स्ट्रीट रॉडर’चे माजी संपादक ब्रायन ब्रेनन आणि याच क्षेत्रातल्या मंडळींनी ‘मॉडर्न रॉडिंग’ सुरू केले. जुन्या ट्रकांसाठी ‘क्लासिक ट्रक परफॉर्मन्स’ निघाले. हे अंक छापलेही जातात आणि पडद्यावरही वाचता येतात. पीटरसनने पायऱ्यांवर केले तेच यांनी नव्या साधनांनी केले. ज्यांना विषय माहीत आहे त्यांनीच अंक काढायचा आणि ज्यांना हवा आहे त्यांच्या हातात नेऊन द्यायचा.

या सगळ्यातून मी एक गोष्ट घेतली. वेडा ऑरने नावे आणि निकाल जपले नसते, तर त्या पोरांविषयी आज फक्त अपघातांच्या मथळ्यांतून कळले असते. एखाद्या गटाने स्वतःची नोंद स्वतः ठेवली नाही, तर ती दुसरे कोणीतरी ठेवते, आणि त्याला वाटेल तशी ठेवते.

आपली ही स्मरणिकाही अशीच घरच्या घरी निघालेली आहे. तेव्हा मित्रमैत्रिणींनो, एक विनंती. संमेलनाला येताना घरातले शाळेचे जुने फोटो घेऊन या आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने साल आणि नावे लिहा. ज्यांची नावे आठवत नाहीत त्यांची सर आणि बाईंना विचारून घेऊ. त्यांच्या लक्षात अजून सगळ्यांचे हजेरी क्रमांक आहेत, हे फोनवर बोलताना मी नुकतेच अनुभवले आहे.